चुन्याच्या घाण्यावरची हरळी

अमरावतीतल्या त्या मुलींच्या शाळेमागे एक गोल जागा होती. तिथे काही उगवत नसे. शाळेची इमारत बांधली त्या काळी तिथे चुन्याचा घाणा होता. बैल दगडी चाक ओढत गोल गोल फिरे आणि चाकाखाली चुना, वाळू, विटांचा चुरा मळून निघे. इमारत झाली, घाणा मोडला, चाकही कोणीतरी उचलून नेले, पण बैलाने फिरून फिरून पाडलेले वर्तुळ काही जागचे हलले नाही. पावसाळ्यात आजूबाजूला तरोट्याचे तण कमरेएवढे माजे आणि मधोमध ती जागा टक्कल पडल्यासारखी पांढुरकी दिसे.

मुली लंगडी आणि खो-खो तिथेच खेळत, कारण दुसरीकडे त्यांना कोणी खेळू देत नव्हते. पडल्या की विटांचे कंकर गुडघ्यात घुसत. एकसष्ट सालच्या उन्हाळ्याआधी नववीतल्या एका मुलीचा गुडघा असा चिघळला की तिच्या वडिलांनी तिला शाळेतूनच काढले. गुडघा बरा झाला, मुलगी परत आली नाही.

शाळेच्या मंडळाचे चिटणीस बापूसाहेब वकील होते. त्यांनी प्रश्न लगेच निकालात काढला. त्या जागेवर फरशी घालायची, वर पत्रे टाकायचे आणि मुलींच्या सायकली ठेवायच्या. "खेळ बंद झाला की गुडघेही फुटायचे बंद," ते म्हणाले.

मुख्याध्यापिका अनसूयाबाईंनी हा निर्णय शिक्षिकांच्या खोलीत सांगितला तेव्हा सगळ्यांनी ऐकला आणि पुन्हा वह्यांत डोके घातले. फक्त भागीरथाने वही मिटली. ती शास्त्र शिकवी. नागपूरला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आवारातल्याच एका खोलीत एकटी राहणारी, बोलायला कमी. तिची खिडकी त्या गोल जागेवरच उघडे, आणि मुली रोज तिच्या डोळ्यांसमोर पडत.

"तिथं गवत लावलं तर, बाई?" तिने विचारले.

"त्या टकलावर?" अनसूयाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. त्या मूळच्या पुण्याच्या. "अहो, तिथं तरोटासुद्धा येत नाही."

"का येत नाही ते आधी बघते. मला एक पावसाळा द्या."

अनसूयाबाई बापूसाहेबांकडे गेल्या आणि पावसाळा मागून घेऊन आल्या, पण वकिलाने द्यावा तसा, अटीसकट. दसऱ्याच्या सुट्टीआधी बापूसाहेब स्वतः येऊन पाहणार. गवत लागलेले असले तर जागा मुलींची. नसले तर दसरा झाल्या झाल्या पत्रे.

भागीरथाने कामाला सुरुवात केली ती प्रयोगशाळेच्या कपाटापासून. तिने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली घेतली, त्या जागेतली ढेकळे गोळा केली आणि एकेकावर थेंब टाकला. सोडावॉटरची बाटली फोडावी तसा फेस आला. मातीत चुना होताच. मग तिने शाळेचा शिपाई नत्थुजी याला खणायला सांगितले. हातभर खाली गेल्यावर फेस थांबला. म्हणजे खालची माती चांगली होती, काळी, वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतात असते तशी. वर चुन्याचा थर होता, आणि भिंतीकडच्या बाजूला तर तो पापडासारखा कडक झाला होता.

"बाई, इथं तं कुदळ टन्न वाजते," नत्थुजी म्हणाला. "हे गवत लावाचं काम नोय, सुरुंग लावाचं काम हाय."

सुरुंग लावला नाही, पण उन्हाळाभर दोघांनी आणि दोन मजुरांनी मिळून वरचा थर काढला. भिंतीकडचा पापड मात्र तसाच राहिला. तेवढ्यात पाऊस पडला आणि हात थांबले. भागीरथाने जिनिंगच्या आवारात वर्षानुवर्षे कुजत पडलेला सरकीचा आणि कापसाचा कचरा गाड्या भरून आणवला. तो काळाभोर झाला होता आणि हातात घेतला की भुसभुशीत लागे. जिनवाल्याला कचरा गेल्याचा आनंद झाला.

राहिला प्रश्न कोणते गवत लावायचे. मुलींना फुलझाडे आवडली असती, पण फुलझाडांवर पडता येत नाही. पायाखाली तुडवून घेणारे, चुना सोसणारे, उन्हाळ्यात मेल्यासारखे पडून पावसात उठून बसणारे असे एकच गवत तिला माहीत होते, आणि ते तिला पुस्तकातून समजायच्या कितीतरी आधीपासून माहीत होते.

ते म्हणजे हरळी.

चांदूर रेल्वेजवळच्या गावात तिची माय मनकर्णा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, तण काढायला जाई. भागीरथा लहानपणी तिच्या मागे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून राही आणि मायची पाठ पाहत राही. निंदताना सगळ्यात जास्त शिव्या हरळीला मिळत. बाकीचे तण उपटले की मरते. हरळी वर तोडली तर खालून येते आणि खालून काढली तर तुटून राहिलेल्या कांडीतून येते. छप्पन साली सगळा मोहल्ला बौद्ध झाला, घरोघरचे देव गेले. तेव्हा कोणीतरी मनकर्णाला विचारले, आता कसे वाटते. ती म्हणाली होती, "देव सुटले बाप्पा. हरळी कधी सुटते ते सांगा."

आता तिची लेक हरळी आणायला पिशव्या घेऊन अमरावतीबाहेरच्या शेतांवर गेली. पहिल्याच धुऱ्यावर तिने शेतकऱ्याला विचारले तेव्हा त्याला वाटले, बाई थट्टा करते आहे. "न्या, न्या," तो म्हणाला. "सगळी न्या. वरून च्या पाजतो. उद्या गाडी घेऊन आल्या तरी चालते."

जून महिन्यात भागीरथा दोन दिवस गावी गेली होती. मायने विचारले, "शाळेत काय करून राहिली सध्या?"

भागीरथा शब्द मोजून वापरणारी. वर्गात एखाद्या मुलीने अंदाजपंचे उत्तर दिले तर तिला ते चालत नसे. पण मायच्या फुटलेल्या बोटांकडे पाहून तिच्या तोंडून सरळ उत्तर निघाले नाही. "बाग करून राहिली, माय," ती म्हणाली.

"गुलाब लाव," माय खूश होऊन म्हणाली. "अन् शेवंती."

आषाढात हरळीच्या कांड्या लावल्या. श्रावणात त्यांना फुटवे आले, फुटव्यांनी जमिनीवर दोऱ्या टाकल्या, दोऱ्यांनी गाठीगाठीला मुळे धरली. गणपतीच्या दिवसांत टक्कल जवळजवळ झाकले गेले होते. नत्थुजीने घरच्या गणपतीसाठी तिथूनच दुर्वा खुडल्या. हरळी आणि दुर्वा एकच आहेत हे त्याला माहीत होते, पण देवापुढे ठेवताना तो ते मनात आणत नसे. फक्त भिंतीकडची बाजू पिवळी पडून राहिली होती. तिथे मुळांना खाली जायला वाट नव्हती.

मग महालक्ष्म्यांची सुट्टी लागली. अनसूयाबाई पुण्याला गेल्या. भागीरथाला अकोल्याला शास्त्र शिक्षकांच्या शिबिराला जायचे होते. जाताना तिने नत्थुजीला बजावले, "पाऊस नाही आला तर पाणी घाला. कोणाला चालू देऊ नका."

"तुमी बिनघोर जा, बाई," नत्थुजी म्हणाला.

शिबिर संपवून ती अकोल्याहून निघाली, बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी अमरावतीला पोचली. शाळेच्या फाटकात नत्थुजी स्टुलावर बसला होता. तिला पाहून तो उठला, पण तिच्याकडे न पाहता फाटकाच्या कडीकडे पाहत राहिला.

"माय आली तुमची," तो म्हणाला.

"कधी?"

"तुमी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी. निंदन सरलं म्हने गावचं." तो थांबला. "बम काम केलं मावशीनं."

भागीरथा मागे गेली. गोल जागा काळी होती. गवत नव्हते. जागा इतकी नीट उकरलेली, हाताने चाळल्यासारखी होती की क्षणभर तिला वाटले, आपण उन्हाळ्यात परत आलो. भिंतीकडे चुन्याच्या फळ्यांचा ढीग रचलेला होता. आणि खोलीच्या पायरीवर मनकर्णा बसली होती, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, हात मातीने भरलेले, चेहऱ्यावर असा आनंद की भागीरथाने तो फार दिवसांत पाहिला नव्हता.

"पाह्य!" मनकर्णा म्हणाली. "हरळीनं खाल्ली होती तुही बाग. एक फूलझाड ठेवलं नोतं मेलीनं. गावच्या दोघी जनी इकडं राहातेत मिलच्या मांगं, त्यायले बोलावलं अन् तिघीनं पात लावली. तिकडं तं खाली पाटीच होती चुन्याची, हे एवढी मोठी. तिच्या खाली गेली असन म्हून ते बी उचकटली. आता लाव तुह्ये गुलाब."

भागीरथाने पिशवी खाली ठेवली. बोलायला तोंड उघडले. पण मायच्या बोटांवर नव्या चिरा होत्या, आणि तिने त्यांना हळद लावली होती.

"छान केलं, माय," ती म्हणाली.

मागून नत्थुजी आला होता. तो चांगला माणूस होता, पण गप्प बसणे त्याच्या अंगात नव्हते. "पन बाई, आता बापूसायबाले काय दाखवान? दसऱ्याले गवत पाह्याले येनार हायेत ना थे."

"कोनतं गवत?" मनकर्णाने विचारले.

"हेच. मावशी, जे तुमी उपटलं थे."

"नत्थुजी, तुम्ही अडवलं का नाही?" भागीरथा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण नत्थुजीने टोपी काढून हातात घेतली.

"आता घ्या! मले वाटलं तुमीच बोलावली. अन् बाई, हरळी काढून राहिली असन तं मानूस आडवते का कोनाले?"

मनकर्णा लेकीकडे पाहत होती.

"तू लावली?" तिने विचारले. "हरळी? आपल्या हातानं?"

"हो, माय."

"इकत आनून?"

"फुकट आणली. धुऱ्यावरून."

"फुकट!" मनकर्णा उठून उभी राहिली. "फुकट भेटते म्हून कोनी इख आनते का घरात? कालेजात हेच शिकवलं तुले? माही कंबर गेली ते काढू काढू, अन् तू जमीन नांगरून, खत घालून..." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मंग मले बाग काऊन सांगितली?"

"हरळी लावते म्हणून सांगायची लाज वाटली."

मनकर्णा पुन्हा पायरीवर बसली, यावेळी लेकीकडे पाठ करून. नत्थुजीला फाटकावर काहीतरी काम आठवले.

भागीरथाने मग मायला सगळे सांगितले, पाठीला सांगितल्यासारखे. मुली, कंकर, शाळा सुटलेली ती मुलगी, फरशी आणि पत्रे. पाठ हलली नाही. शेवटी तिने विचारले, "उपटलेली कुठं टाकली, माय?"

"टाकते का कोनी हरळी?" पाठ म्हणाली. "टाकली तं तिथं लागते. वट्यावर ढीग लावला. वाळली का जाळनार होती. अभाय आलं म्हून राहिली."

वर्गांच्या मागे फरसबंद ओटा होता. त्यावर हरळीचा ढीग होता, चार-सहा पोत्यांएवढा. शेतात करतात तसा मुळांसकट रचलेला, एकही कांडी मातीला टेकू न देता. वरचा थर वाळून खडखडीत झाला होता. भागीरथाने हात आत घातला. आत ऊब होती आणि दमटपणा होता. तिने एक कांडी ओढून काढली, खोलीतून ब्लेड आणि भिंग आणले आणि ओट्याच्या कडेला मांडी घालून बसली. गाठीजवळ कांडी उभी चिरली. आतला भाग पांढरा होता, नख लावले तर ओल आली. दुसरी चिरली. ती तपकिरी, मेलेली. तिसरी पांढरी.

ती एकेक कांडी चिरत गेली, जिवंत डावीकडे, मेलेल्या उजवीकडे. किती प्रमाणात जिवंत आहेत ते कळल्याशिवाय पुढचे ठरवता येत नव्हते. डावीकडचा ढीग लहान होता, पण वाढत होता. काही वेळाने तिच्या भिंगावर सावली पडली.

"काय पाहून राहिली?"

"जिवंत हाय का मेली, ते."

"तेवढ्याशा काचंतून दिसते?"

भागीरथाने भिंग मायच्या हातात दिले, कांडी धरली आणि गाठीवर बोट ठेवले. "इथं पाह्य. एक डोळा बंद कर."

मनकर्णाने आधी भलताच डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग बराच वेळ ती हलली नाही. गाठीच्या बगलेत, वाळक्या पापुद्र्याखाली, एक टोकदार कोंब होता, हिरवट पांढरा, भाताच्या दाण्याहूनही लहान.

"हे काय व?"

"डोळा. याच्यातून नवी येते. गाठ असली का डोळा असतेच. जेवढ्या गाठी तेवढ्या हरळ्या."

"एवढुसा!" मनकर्णाने भिंग बाजूला केले, साध्या डोळ्यांनी पाहिले, पुन्हा भिंग लावले. "एवढुशा डोळ्यापायी मेली मी आखी जिंदगी." तिला हसू आले की राग, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. "अन् मी म्हनो, तुकडे केले तं मरन. खुरप्यानं तुकडे करो मी हिचे."

"तुकडे केले का जास्त होते."

"म्हंजे मीच लावत होती का?"

"थोडीशी," भागीरथा म्हणाली.

मनकर्णा आता मोठ्याने हसली. हसता हसता तिने ओट्यावर बैठक मारली आणि ढिगातली एक मूठ पुढे ओढली. "आन ते ब्लेड. मी काढली, मीच लावीन. पन गावात सांगशीन तं याद राख. मले कोनी निंदाले बोलावनार नाई."

जिवंत कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लावणी सुरू झाली. माती मात्र आता पहिल्यापेक्षा चांगली झाली होती, हे भागीरथाला कुदळ लावताच कळले. भिंतीकडचा पापड, जो तिला पावसाआधी काढता आला नव्हता, तो मायने हरळीच्या संशयावरून फोडून बाहेर काढला होता. कुदळ आता सरळ खाली जात होती. तिने तिथली माती घेऊन आम्ल टाकले. किंचित फेस आला, पहिल्यासारखा उसळला नाही. तिने नत्थुजीला सांगून जिनिंगमधला उरलेला कचरा तिथे मिसळला.

मनकर्णाने लावायच्या आधी पहिली कांडी हातात घेऊन ती बराच वेळ तशीच धरली. मग डोळे मिटून मातीत खुपसली आणि हात झटकला. दुसऱ्या कांडीला डोळे उघडे होते. संध्याकाळी ती भागीरथाला ओरडून सांगत होती, "अवं, लांब लांब काऊन लावते? जवळ लाव. दसरा काई थांबत नाई आपल्यासाठी."

पाण्याचे काम होतेच. घागर घेऊन मनकर्णा विहिरीपाशी गेली आणि तिथे थांबली. नत्थुजी दोर घेऊन उभा होता.

"इहिरीवर चढू ना?" तिने विचारले.

"चढा ना, मावशी. शाळेची इहीर हाय. तुमची पोरगी रोज चढते."

मनकर्णा चढली. पहिली घागर तिने स्वतः शेंदली, दोराला नत्थुजीचा हात लागू दिला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी अनसूयाबाई पुण्याहून आल्या त्या थेट मागेच आल्या. समोर काळी जमीन आणि तिच्यात खुपसलेल्या काड्या.

"भागीरथाबाई, मी गेले तेव्हा इथं गवत होतं."

"होतं, बाई. माझ्या आईनं काढलं. हे लावलेलं आहे, असं मी तिला सांगितलं नव्हतं."

अनसूयाबाईंनी मनकर्णाकडे पाहिले. मनकर्णाने पदर सारखा केला आणि सरळ नजरेने पाहिले.

"म्हणजे तुम्ही लावलं, आणि तुमच्या मातोश्रींनी काढलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि आता?"

"आता मीच लावून राहिली, बाई," मनकर्णा म्हणाली. "काढली बी चांगली होती हो. पाहून घ्या."

अनसूयाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला. "तारीख मला बदलून मिळणार नाही," त्या भागीरथाला म्हणाल्या. "मी एकदा मागितली. पुन्हा मागायला गेले तर ते पत्र्यांची गाडी माझ्याबरोबरच पाठवतील." जाता जाता त्या वळल्या. "खेळाच्या तासाला दहावीच्या मुली घ्या पाण्याला. नाहीतरी त्या वेळात त्या बसूनच असतात."

मुली आल्या. विहिरीपासून घाण्यापर्यंत रांग लागे आणि बादल्या हातोहात पुढे सरकत. मनकर्णा रांगेच्या शेवटी उभी राहून ओरडे, "अवं हळू! धार नोको धरू, शिंपड! लेकराले आंघोळ घालून राहिली का म्हशीले?" मुली हसत आणि पाणी आणखी सांडे.

पहिला आठवडा काहीच झाले नाही. काड्या काड्याच राहिल्या. भागीरथा सकाळी खिडकीतून पाही आणि वर्गात जाई. मनकर्णा पायरीवरून पाही आणि म्हणे, "माह्या हाताले यश नाई. मारता मारता हात तसाच झाला." मग एका सकाळी तिने भागीरथाला हाक मारली. त्या हाकेत निंदताना साप दिसल्यावर असते तशी घाई होती. भिंतीकडच्या बाजूला, जिथे पापड होता, तिथेच पहिला कोंब वर आला होता. दुपारपर्यंत त्यांना आणखी सापडले. दोघी गुडघ्यांवर बसून शोधत होत्या, आणि मनकर्णा दर कोंबाला एक शिवी देत होती, पण ती आता लाडाने.

ऑक्टोबरच्या उन्हाने हरळीला जोर आला. ऊन तिच्या आवडीचे, पाणी वेळेवर. तिने दोऱ्या टाकल्या, एका झुबक्यातून दुसऱ्याकडे. तरीही बापूसाहेब यायचा दिवस उजाडला तेव्हा जागा पूर्ण भरलेली नव्हती. झुबके होते, झुबक्यांमधून काळी जमीन होती. भागीरथाला दिसत होते की गणपतीच्या दिवसांत यापेक्षा कितीतरी चांगले होते.

बापूसाहेब आले ते पत्र्याच्या कंत्राटदाराला बरोबर घेऊनच आले. कंत्राटदाराच्या हातात टेप होती. अनसूयाबाई, भागीरथा आणि नत्थुजी एका बाजूला उभे राहिले. मनकर्णा पायरीवर.

"अर्धं टक्कल अजून दिसतंय," बापूसाहेब म्हणाले.

"हो," भागीरथा म्हणाली.

"मग?"

"गवत लागलं पाहिजे असं ठरलं होतं, साहेब. भरलं पाहिजे असं नव्हतं ठरलं."

बापूसाहेबांच्या भुवया वर गेल्या. अशाच वाक्यांवर ते स्वतः कोर्टात जगत होते. "बरं. मग लागलं हे कशावरून?"

"ओढून बघा."

बापूसाहेब वाकले. कोटाची बाही मागे सारून त्यांनी एक झुबका मुठीत धरला आणि ओढला. मुठीत पाती आली. झुबका जागेवर होता. त्यांनी बोटे खाली घालून दुसरा धरला, बुडाशी, आणि जोर लावला. टच्चकन तुटले आणि ते दोन पावले मागे गेले. मातीत अर्धी कांडी पांढरी होऊन उभी होती. मग त्यांनी दोन्ही हात लावले. कंत्राटदार मदतीला वाकला.

मनकर्णाला हे पाहवेना. "जोर लावा, सायेब," ती पायरीवरून म्हणाली. "अशी नाई निंगत ते. आमी कुदळीनं काढतो."

"ह्या कोण?"

"माझी आई," भागीरथा म्हणाली.

बापूसाहेबांनी हातातल्या पात्यांकडे पाहिले, वास घेतला, पुन्हा पाहिले. "हरळी आहे ही?" ते म्हणाले. आता त्यांचा आवाज वकिलाचा नव्हता, शेतमालकाचा होता. "बाई, तिवशाकडच्या माझ्या पांदणीजवळच्या शेतात ही शिरली आहे. चार वर्षं झाली. किती मजूर घातले!"

"नाई निंगत," मनकर्णा समाधानाने म्हणाली.

"आणि तुम्ही ती लावलीत!" ते भागीरथाला म्हणाले.

"मुलींना तुडवायला तीच हवी होती, साहेब."

कंत्राटदाराने टेप गुंडाळली. तो व्यवहारी माणूस होता. "यावर फरशी घालायची तर आधी ही सगळी काढावी लागंल," तो म्हणाला. "नाहीतर सांध्यासांध्यातून वर येईल. मग माझ्या नावानं ओरड."

बापूसाहेबांनी हात झटकले. त्यांनी गोल जागेला एक फेरी मारली, आतमध्ये पाऊल न टाकता, कडेकडेने. भिंतीपाशी थांबून चुन्याच्या फळ्यांच्या ढिगाकडे पाहिले. परत आले तेव्हा त्यांचे ठरले होते.

"सायकली पुढच्या भिंतीला लागू द्या," ते अनसूयाबाईंना म्हणाले. "पत्रे तिकडे टाकू. जागा मुलींची." मग भागीरथाकडे वळून, "मात्र ही आवाराबाहेर जाऊ देऊ नका. माझ्या शेतात आणखी नको."

ते गेल्यावर अनसूयाबाईंनी चष्मा काढून पुसला. तो मुळात स्वच्छच होता. मग त्या मनकर्णाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जा माझ्याकडे. आत्ताच."

"येतो ना," मनकर्णा म्हणाली. "दूध जास्त टाका."

दोन दिवसांनी मनकर्णा निघाली. दसऱ्याला गावची सगळी मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होती, आणि तिथून परतली की कापसाची वेचणी. जायच्या आधी ती गोल जागेच्या कडेला उभी राहिली.

"एकदा तं पळू दे पोट्ट्यायले," ती म्हणाली. "माह्या डोळ्यानं पाह्यतो अन् जातो."

"दिवाळीनंतर. अजून मुळं कच्ची हायेत."

"लै कडक व तू! वकिलाले वढू देते अन् लेकरायले पळू देत नाई."

"तू दिवाळीनंतर ये. तेव्हा पाह्य."

"येतो. वेचनी सरली का येतो."

गाडीला वेळ होता, पण मनकर्णाने पायरीवर बसून वेगळेच काम काढले. तिने लुगड्याचा काठ मांडीवर ओढून घेतला आणि बोटाबोटाने तपासू लागली. मग चपला उपड्या करून तळवे पाहिले. मग पिशवी झटकली, पिशवीतले लुगडे झटकले, बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"काय शोधते, माय?"

"तुह्या शाळेची नेली नाई पाह्यजे गावात. वकील काय म्हने ते आयकलं ना? त्याचं नाव घेऊन आमच्या इथले मालक मले मारतीन."

काठाच्या शिवणीत खरेच एक बोटभर कांडी अडकली होती. तिला दोन गाठी होत्या. मनकर्णाने ती उन्हात धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि भागीरथाच्या हातात दिली.

"घे. जित्ती हाय."

भागीरथा खाली बसली. दोन झुबक्यांमध्ये काळी जमीन दिसत होती. तिने बोटाने भोक पाडले, कांडी आडवी ठेवली, एक गाठ मातीखाली आणि एक वर, आणि अंगठ्याने माती दाबली. मनकर्णाने लोट्यातले उरलेले पाणी त्यावर ओतले, हळू, शिंपडून, आणि मग दोघी स्टेशनाकडे निघाल्या.